पळसगावचा नाईक आणि मागे राहिलेले घर

(द्वितीय वर्ष कला)

शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडण्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढावयास मी माणगावच्या तहसील कचेरीत गेले होते. तेथे एका सैनिकाचा पुतळा आहे. दाखल्याच्या रांगेत उभे राहणाऱ्या माणसाला वेळ भरपूर असतो, म्हणून मी त्या पुतळ्याची माहिती वाचून काढली. हा पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा. माणगाव तालुक्यातील पळसगावचे हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्या काळच्या साम्राज्यातला शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान होय. त्यांचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्याहून अवघी तीन वर्षे अधिक!

पुढे वादविवाद स्पर्धेची तयारी चालली असताना हा विषय निघाला. आमच्या वर्गातील एका मित्राने ठासून सांगितले की हे सारे इंग्रजांचे भाडोत्री शिपाई होते. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दुसऱ्याने तितक्याच आवेशाने 'मातृभूमीसाठी रक्त सांडणारे वीर' असे भाषण केले. टाळ्या दोघांनाही पडल्या. मी गप्प बसले, कारण माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ त्याच युद्धात गेले आणि परत आले नाहीत. आमच्या घरात त्यांच्याविषयी बोलताना 'भाडोत्री' हा शब्द कधी निघाला नाही, तसा 'वीर' हाही निघाला नाही. बोलणे होई ते जमिनीचे, बैलांचे, मनीऑर्डरीचे आणि मागे राहिलेल्या काकीचे. म्हणून घाडगे यांच्याविषयी जे नमूद आहे ते आणि आमच्या घरात जे ऐकले ते, अशी दोन्ही बाजूंची मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. त्या वेळी आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. माणगाव, महाड, पोलादपूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख भाताचा. पाऊस उदंड, पण तो चार महिन्यांचा. भात कापून झाले की शेत रिकामे. डोंगर उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. त्यात खोती पद्धत असल्याने पिकातला वाटा खोताच्या घरी जाणार. ही पद्धत नष्ट व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, परंतु ती कायद्याने गेली स्वातंत्र्यानंतरच. अशा घरात तीन-चार भाऊ असले तर सर्वांचे पोट त्या जमिनीवर भरणे शक्य नव्हते. एक भाऊ मुंबईला गिरणीत किंवा गोदीत जाई आणि एक पलटणीत. आमच्याकडे जुनी माणसे 'गिरणी नाहीतर पलटण' असे म्हणत. त्यात शौर्याची ओढ नव्हती असे मी म्हणणार नाही. सुट्टीवर आलेल्या शिपायाच्या बुटांचा आवाज गावातल्या पोरांना मोहात पाडीत असणारच. पण आधी पोट, मग ओढ.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पलटणीचा हा रस्ता सर्वांना सारखा मोकळा नव्हता. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चे खूळ डोक्यात घेऊन महारांची भरती बंद केली, तेव्हा १८९४ साली त्यांनी सरकारकडे अर्ज केला. तो व्यर्थ गेला. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, आणि तीही महायुद्धाची निकड लागली म्हणून. तेव्हा शेजारशेजारच्या वाड्यांतून एका घरी मनीऑर्डर येई आणि दुसऱ्या घरची माणसे, ज्यांच्या आज्यापणज्यांनी तलवार गाजवली होती, ती भरतीच्या अधिकाऱ्यापुढून परत फिरत. सैनिकांच्या गावांचा अभिमान सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो.

यशवंतराव ज्या रेजिमेंटमध्ये होते तिचे नाव पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, आणि त्यांची पलटण तिसरी. या पलटणीचा पूर्वेतिहास मोठा आहे. पहिल्या महायुद्धात तिचा क्रमांक ११० होता आणि मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ती सापडली होती. तो वेढा १९१५ च्या डिसेंबरात पडला आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने शरणागतीत संपला. कैद झालेल्यांपैकी पुष्कळजण वाळवंटातून चालवत नेताना आणि पुढे तुर्कांच्या छावण्यांतून मेले. १९४१ साली हीच पलटण पूर्व आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर इटालियन सैन्याशी लढली. स्वातंत्र्यानंतर तिचे रूपांतर छत्रीधारी पलटणीत झाले आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईल येथे आकाशातून उतरली ती हीच पलटण. मित्राच्या 'भाडोत्री' या शब्दाला हा एक इतिहासच उत्तर देतो असे मला वाटते. पलटण तीच, तिच्यात जाणारी घरे तीच, गावे तीच. निशाण तेवढे बदलले.

१९३९ साली हिंदी सैन्यात दोन लाखांच्या आसपास माणसे होती. युद्ध संपताना ती संख्या पंचवीस लाखांवर गेली होती. सक्तीची भरती आपल्याकडे नव्हती. या पंचवीस लाखांतील सुमारे ८७,००० मेले. इटलीच्या रणभूमीवर चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन लढल्या. सुमारे पन्नास हजार माणसे. त्यांतले ५,७८२ तेथेच राहिले. इटलीत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी सैन्याच्या शिपायांना मिळाले, आणि सहांतले दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे: एक यशवंत घाडगे व दुसरे अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव. जाधव जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत होते.

रोम ४ जून १९४४ रोजी पडले. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत चालले होते, पण पळत नव्हते. डोंगराचा एकेक सोंड आणि टेकडीवरचे एकेक गाव धरून बसायचे, येणाऱ्या फौजेला रोखायचे, आणि रात्री मागच्या टेकडीवर सरकायचे, असा त्यांचा क्रम होता. उत्तरेत तटबंदी बांधण्यास वेळ मिळावा हा त्यामागचा हेतू. टायबर नदीचे वरचे खोरे हे त्यांपैकी एक अवघड ठिकाण. रोममधून वाहणारी जी टायबर आपण भूगोलात वाचतो, तिचा उगमाकडचा हा भाग. दोन्ही बाजूंना डोंगर, ऑलिव्हच्या बागा, दगडी गावे. नकाशावर पाहताना मला महाडच्या वरचे सावित्रीचे खोरे आठवले. दहाव्या हिंदी डिव्हिजनकडे ही कामगिरी होती. तिचे सेनापती जनरल रीड हे पूर्वी केरेनला याच तिसऱ्या मराठा पलटणीचे प्रमुख होते.

१० जुलै १९४४ रोजी पलटणीतील एका कंपनीने शत्रूच्या एका मजबूत ठाण्यावर हल्ला केला. यशवंतराव नाईक होते. नाईकाच्या हाती एक सेक्शन, म्हणजे दहाएक माणसांची तुकडी असते. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्या काळची जर्मन मशीनगन मिनिटाला बाराशेच्या आसपास गोळ्या झाडी. तिच्यासमोर उघड्यावर सापडलेल्या माणसांना किती अवधी मिळाला असेल याचा हिशेब कोणीही करावा. यशवंतरावांखेरीज सर्वजण ठार किंवा जखमी झाले. आपल्या मागे कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही ते एकटे मशीनगनवर धावून गेले. प्रथम त्यांनी हातबाँब टाकला. त्याने मशीनगन व ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग हातातल्या टॉमीगनने आणखी एकाला टिपले. गोळ्या संपल्या आणि नवे मॅगझिन चढवण्यास उसंत नव्हती. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे हाती आले. पण दुरून नेम धरून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या, आणि जिंकलेल्या त्याच जागी त्यांचा अंत झाला.

लंडनच्या गॅझेटात हा वृत्तांत नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वाक्ये मोजकी आहेत. मी ती इंग्रजी शब्दकोश जवळ घेऊन वाचली आणि एक गोष्ट जाणवली. या साऱ्या प्रसंगाला फार तर पाचदहा मिनिटे लागली असतील. त्या मिनिटांचा हिशेब गॅझेट बंदुकीच्या मॅगझिनपर्यंत देते. त्याआधीची बावीस वर्षे, आईबाप, जमीन, लग्न यांचा त्यात एक शब्द नाही. अर्थात गॅझेटचे ते कामच नव्हे. परंतु आपण पुतळे उभारतो आणि भाषणे करतो तीही त्याच पाच मिनिटांवर, याचे मात्र नवल वाटते.

हा मजकूर मी घरी आजीला मराठीत समजावून सांगितला. आजीला अक्षर येत नाही. तिने बंदुकीचे, हातबाँबचे सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "तारीख कुठली म्हनालीस?" मी सांगितले, दहा जुलै. आजी लगेच म्हणाली, "म्हंजे लावनीचे दिवस. मग त्या वरसाला त्यांची लावनी कोनी केली गो?"

आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितले होते की साधनाला प्रश्न विचारावयास शिका. मला वर्षभरात जो प्रश्न सुचला नाही तो आजीने एका क्षणात विचारला. जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्याकडे आषाढातला चिखल. गुडघाभर पाण्यात सकाळपासून वाकून आवण लावायचे. एका बैलजोडीचे, एका माणसाचे कमी-जास्त त्या दिवसांत लागलीच कळते. इटलीत त्या दिवशी कडक उन्हाळा होता आणि इकडे मुसळधार. आणि खबर काही त्या दिवशी येत नाही. पत्र पोहोचेतो लावणी उरकलेली असते, बेणणी झालेली असते, आणि घर इतके दिवस जिवंत माणसाची वाट पाहत असते.

मार्च १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी यशवंतरावांच्या पत्नीच्या हाती तो क्रॉस दिला. किरमिजी रंगाची फीत आणि ब्राँझचा छोटा क्रॉस. त्याच्या मागील बाजूस पराक्रमाची तारीख कोरलेली असते. कुलाबा जिल्ह्याच्या एका खेड्यातील तरुण विधवा बाई राजधानीच्या दरबारात उभी राहते, हा प्रसंग मला गॅझेटातल्या प्रसंगाइतकाच विचार करावयास लावतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच लाल किल्ल्यात, आझाद हिंद सेनेच्या शहानवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावरील खटला सुरू झाला आणि देश पेटून उठला. आमच्या वादविवादातील दोन्ही बाजू त्या एका वर्षात त्या एकाच किल्ल्यात येऊन गेल्या असे म्हणता येईल. आपल्या भागातही १९४२ च्या सप्टेंबरात महाडच्या मोर्चावर गोळीबार झाला होता, आणि त्याच सुमारास त्याच पंचक्रोशीतील शेकडो घरांचे मुलगे इंग्रजांच्या गणवेशात परदेशी होते. एकाच घरात एक भाऊ चळवळीत व दुसरा पलटणीत अशी उदाहरणे त्या काळी असत. त्यांतील कोण बरोबर हे आज व्यासपीठावरून ठरवणे सोपे आहे. माझे मत विचाराल तर लढाई कोणाची होती हा प्रश्न राज्यकर्त्यांना विचारावा. बावीस वर्षांच्या नाईकाला विचारू नये. त्याच्यापुढे त्या दिवशी साम्राज्य नव्हते, पडलेली आपली माणसे आणि चालू असलेली मशीनगन होती.

आता आमच्या घराविषयी थोडे. पणजोबांचे हे धाकटे भाऊ १९४१ साली बेळगावला भरती झाले. लग्न होऊन वर्ष झाले होते. प्रशिक्षण संपेपर्यंत ते स्वतः मनीऑर्डर पाठवीत. जुन्या मनीऑर्डरीच्या फॉर्माला खाली एक कुपन असे आणि त्यावर दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. पोस्टमन पैसे देऊन ते कुपन फाडून हाती देई. टपाल खात्याने ही जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद केली. त्यामुळे आमच्या पिढीतील अनेकांनी ती पाहिलेलीही नाही. आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत अशी सात कुपने निघाली. पहिल्या तीनांवर त्यांच्या हातचा मजकूर आहे. एकावर पैसे पोहोचल्याचे कळवावे असे आहे. दुसऱ्यावर वडिलांच्या खोकल्याची चौकशी. तिसऱ्यावर बैल विकू नये, मी रजेवर आलो की पाहू, इतकेच. बायकोचा उल्लेख एकाही कुपनावर नाही. त्या काळी तो नसायचाच. कुपन घरातील वडीलधाऱ्यांच्या हातून जाई आणि बहुधा शाळेचे गुरुजी ते वाचून दाखवीत.

उरलेल्या चार कुपनांवर नुसते शिक्के आहेत. याचे कारण मला पुढे समजले. शिपाई समुद्रापलीकडे किंवा आघाडीवर गेला की त्याच्या पगारातील घरासाठी राखून ठेवलेला भाग पलटणीच्या केंद्रातून परस्पर घरी जाई. पैसे नियमित येत, पण लिहिणारा हात बदलला. घरातल्यांना ते कोणी सांगितले नव्हते. पैसे येतात म्हणजे तो ठीक आहे, असा त्यांचा सरळ हिशेब.

भाषेचाही एक घोळ होता. हिंदी सैन्याचा व्यवहार रोमन लिपीतील उर्दूतून चाले. शिपायांना तीच शिकवीत. वरिष्ठांचे कागद इंग्रजीत. घरी मराठी, तीही ऐकण्याबोलण्याची. त्यामुळे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ते बेपत्ता झाल्याचे जे पत्र आले ते गावात कोणालाच लागेना. ते घेऊन पणजोबा तालुक्याला चालत गेले. तेथे एका कारकुनाने वाचून सांगितले, 'सापडत नाही असे लिहिले आहे.' पणजोबांनी घरी येऊन तेवढेच सांगितले. सापडत नाही म्हणजे शोधताहेत, असा अर्थ घराने लावला. चौदा महिन्यांनी दुसरे पत्र आले, त्यात मृत समजण्यात आल्याचे होते.

या चौदा महिन्यांविषयी आजी जे सांगते ते तिने आपल्या सासूकडून ऐकलेले. काकी (घरात सारे त्यांना धाकटी काकी म्हणत) कुंकू लावीत होत्या, पण हळदीकुंकवाला त्यांना कोणी आवर्जून बोलावीत नव्हते आणि कोणी टाळतही नव्हते. त्या सवाष्ण की नाही हे गावाला ठरवता येईना. दुसऱ्या पत्रानंतर वडीलधाऱ्यांनी विधी करण्याचे ठरविले. देह मिळाला नाही तर पळसाची तीनशे साठ पाने घेऊन माणसाची आकृती रचावी आणि तिला अग्नी द्यावा, असा शास्त्रात पालाशविधी सांगितला आहे. आमच्याकडे भटजींनी पळस आणि दर्भ यांची आकृती केली, नदीकाठी तिचे दहन झाले आणि त्या दिवशी काकींचे कुंकू पुसले. काकी तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. युद्धात देह न मिळालेल्या ज्या ज्या शिपायांच्या घरी हा विधी झाला असेल, त्या घरांना मरणाची तारीख दोनदा मिळाली, एक सरकारची आणि एक आपली. आमच्या घरी श्राद्ध दुसऱ्या तारखेला होते.

पुढची गोष्ट पेन्शनची. विधवेने पुन्हा लग्न केले की पेन्शन बंद होई. आमच्याकडे पाट लावण्याची चाल काही घराण्यांत होती, काहींत कमीपणाची मानीत. काकींच्या माहेरच्यांनी एकदा तसा विषय काढला होता. सासरच्यांनी नाही म्हटले. घराण्याची अब्रू हे कारण सांगितले गेले. आजी मात्र स्पष्टपणे सांगते की पेन्शनीवर घराचे मीठमिरची आणि पोरांचे कपडे चालत होते. माझ्या आजोबांची चौथीपर्यंतची पाटीपुस्तके त्याच पैशांतून आली. तेव्हा मला हे लिहिताना संकोच होतो, कारण मीही त्या पैशांच्या वाटेनेच येथवर आले आहे. काकींना घरात मान होता. स्वयंपाकघराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. परंतु त्यांना विचारून कोणी काही ठरविले होते असे आजीला आठवत नाही.

पेन्शन मिळण्यासही सायास पडले. सैन्यात शिपायाच्या नातेवाइकांची एक नोंद असते. पणजोबांच्या भावाने भरती होताना त्यात बायकोचे माहेरचे नाव सांगितले होते. लग्नात सासरी नाव बदललेले. त्यामुळे कागदावरची बाई आणि समोर अंगठा देणारी बाई एकच कशी, असा प्रश्न कचेरीत निघाला. पंचांचे जबाब, पोलीस पाटलाचा दाखला, पुन्हा हेलपाटे. नवऱ्याने आठवणीने तिचे स्वतःचे नाव सांगितले होते, हीच त्यांना अडचण झाली. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला देण्यासाठी काकी तालुक्याला जात, आधी पायी व नंतर एस.टी.ने, म्हातारपणी आजीचा हात धरून. 'जिती हाये म्हनून सांगाया चालले,' असे त्या निघताना म्हणत. गावात त्यांना पेन्शनवाली काकी हेच नाव पडले होते. १९९३ साली त्या वारल्या. त्यांच्या नवऱ्याच्या पलटणीतील नोकरीला पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. काकींची पेन्शनीची हजेरी जवळजवळ अर्धशतकाची झाली.

यशवंतरावांचाही देह घरी आला नाही. त्यांच्या नावाची निराळी कबर नाही. इटलीत कॅसिनो येथे ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशा चार हजारांवर सैनिकांची नावे कोरलेले स्मारक आहे, त्यावर त्यांचे नाव आहे. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, तौक्क्यान येथे असेच स्मारक असून तेथे सत्तावीस हजारांच्या आसपास नावे आहेत. जुलै २०२३ मध्ये इटलीतील पेरुजा प्रांतात मोंटोने या गावी यशवंत घाडगे यांच्या नावाने एक सूर्यघटिका उभारण्यात आली. तेथील नगरपालिका आणि लष्करी इतिहासाचे इटालियन अभ्यासक यांनी हे काम केले आणि समारंभाला आपल्या राजदूत उपस्थित होत्या. सगळे एकाच सूर्याखाली आहेत, अशा अर्थाचे लॅटिन वचन तिच्यावर आहे. ज्या गावाच्या डोंगरात तो परका शिपाई पडला, त्या गावाला एकोणऐंशी वर्षांनी त्याचे नाव घ्यावेसे वाटले. ही बातमी मी वर्गात सांगितली तेव्हा 'भाडोत्री' म्हणणारा मित्र म्हणाला, "इटालियन लोकांच्या दृष्टीने तो सोडवायला आलेला होता, म्हणून." त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. मात्र पुढच्या रविवारी तो स्वतःच्या आजोळी गेला आणि तेथल्या एका जुन्या पितळी बिल्ल्याचे छायाचित्र घेऊन आला. तो पहिल्या महायुद्धातला निघाला.

आमच्या पेटीतील सातही कुपने आणि दोन पत्रांपैकी जे एक उरले आहे ते, यांच्या छायाप्रती मी आजीच्या परवानगीने महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. परवानगी देताना आजीने एकच अट घातली, की बैलाचे जे लिहिले आहे ते कोणी हसण्यावारी नेऊ नये. ते कुपन येण्यापूर्वीच बैल विकला गेला होता आणि ही गोष्ट त्यांना कोणी कळविली नव्हती. ज्यांच्या घरी असे कागद, बिल्ले, पेन्शनीची पुस्तके असतील त्यांनी ती रद्दीत जाण्याआधी इतिहास विभागात दाखवावीत, आणि घरातील म्हाताऱ्या बायकांशी बोलून ठेवावे. दुपारची वेळ बरी, त्या वेळी त्यांना थोडी उसंत असते.